न्हाणीघरांतील पंख्याची कुरकूर

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय ऐकून कित्येकांच्या मुद्रेवर स्मित उमटलें असेल. जगांत एवढे गहन प्रश्न पडलेले असतांना न्हाणीघराच्या झरोक्यांतील एका वीतभर पंख्यावर कोणी इतका वेळ बोलावें, ही गोष्ट प्रथमदर्शनीं जरा हास्यास्पद वाटते खरी. परंतु ज्यांच्या घरीं हा पंखा पहाटे साडेपांच वाजतां घरघरूं लागतो आणि शेजारच्या खोलींत निजलेल्या म्हाताऱ्या माणसाची किंवा तान्ह्या मुलाची झोप मोडतो, त्यांना या विषयाचें महत्त्व पटवून देण्याची गरज नाहीं. त्यांनीं बहुधा त्यावर एक तोडगाही काढलेला असतो. तो म्हणजे पंखा लावावयाचाच नाहीं. आणि माझ्या मतें खरा प्रश्न येथूनच सुरू होतो.

हा पंखा कोणी हौसेखातर बसवीत नाहीं. मुंबई-पुण्यासारख्या शहरांतल्या इमारतींत न्हाणीघराला बाहेरच्या बाजूची मोठी खिडकी क्वचितच लाभते. असतो तो वीत-दीड वीत रुंदीचा झरोका, आणि तोही पुष्कळदां इमारतीच्या आंतल्या अरुंद चौकांत उघडणारा. दोन-तीन माणसांचीं स्नानें लागोपाठ झालीं कीं भिंती घामेजतात. ती ओल तशीच राहूं दिली तर थोड्याच दिवसांत छताच्या कोपऱ्यांत काळी बुरशी धरते, रंगाचे पोपडे सुटतात, लांकडी दार फुगून चौकटींत अडकूं लागतें. आणि घरांत कोणी दम्याचा रोगी असेल तर त्या बुरशीचा त्रास त्याला सर्वांच्या आधीं जाणवतो.

ज्या न्हाणीघरांत गॅसवर चालणारा गीझर आहे, तेथें हा प्रश्न ओलीवर थांबत नाहीं. गॅस जळावयास प्राणवायु लागतो. लहानशा बंद खोलींत तो कमी पडूं लागला म्हणजे ज्वलन अपुरें होतें आणि कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु निर्माण होतो. सिलिंडरांतील गॅस गळला तर नाकाला कळतो, कारण त्यांत तेवढ्यासाठींच उग्र वासाचें द्रव्य मिसळलेलें असतें. या वायूला मात्र ना रंग ना वास. रक्तांतील हिमोग्लोबिनशीं तो प्राणवायूच्या दोनशें पटींहून अधिक घट्टपणें जखडला जातो. डोकें जड होतें, मळमळतें, पायांतील बळ जातें, आणि दाराची कडी काढावी हें सुचण्याच्या आंत शुद्ध हरपते. माझ्या परिचयाच्या एका घरीं सोळा वर्षांची मुलगी स्नान करतां करतां भोवळ येऊन खालीं बसली. सुदैवानें तिनें कडी लावलेली नव्हती व आई हांकेच्या अंतरावर होती. लागलीच मोकळ्या हवेंत आणून दवाखान्यांत नेल्यावर मुलगी सावरली. मागाहून चौकशी करतां कळलें तें असें कीं, त्या न्हाणीघरांतील पंखा तीन आठवडे बंद होता. तो मोडलेला नव्हता. तो नुसता करकरत होता, आणि आजोबांच्या झोपेसाठीं घरच्या मंडळींनीं आपण होऊन तो लावावयाचें सोडलें होतें. त्या पंख्याला काय झालें होतें तें पुढें सांगतों.

येथें एक खुलासा केलाच पाहिजे. गॅसचा गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेंत असावा हाच खरा उपाय. पंख्याच्या भरंवशावर तो आंत ठेवणें शहाणपणाचें नाहीं. दार घट्ट लावलेलें, हवा आंत यावयास फट नाहीं आणि पंखा जोरानें हवा बाहेर ओढतो आहे, अशा स्थितींत गीझरच्या धुराड्यांतून बाहेर चाललेला वायूही उलट आंत खेंचला जाण्याचा संभव असतो. ज्यांचा गीझर अजून आंत आहे, त्यांनीं पंख्याच्या दुरुस्तीला हात घालण्यापूर्वीं गीझर हलविण्याची व्यवस्था करावी.

आतां पंख्याकडे वळूं. या कामीं पहिलें हत्यार म्हणजे आपला कान. आवाजांना नांवें देण्याच्या बाबतींत मराठी भाषा मोठी सढळ आहे, आणि येथें तिचा चांगला उपयोग होतो. फडफड, टकटक, थरथर, घरघर, करकर आणि गुणगुण हे शब्द एकमेकांचे पर्याय नाहींत. ‘पंखा आवाज करतो’ एवढेंच कारागिराला सांगणें म्हणजे वैद्याकडे जाऊन ‘बरें वाटत नाहीं’ एवढेंच सांगण्यासारखें आहे. पंखा फडफडतो कीं घरघरतो, सुरवातीला करकरतो कीं शेवटपर्यंत, हें नीट सांगतां आलें तर अर्धें निदान तेथेंच होऊन जातें. घरांतील स्त्रियांना व मुलांना हा फरक पुरुषांपेक्षां चांगला सांगतां येतो, असा माझा अनुभव आहे. कदाचित् त्या आवाजांत त्यांचा अधिक वेळ जात असेल.

पहिली परीक्षा अगदीं साधी आहे. पंखा पूर्ण वेगांत असतांना बटण बंद करावें व कान देऊन ऐकावें. बटण बंद होतांक्षणींच जो आवाज तुटतो तो विजेचा. पातीं फिरत असेपर्यंत जो रेंगाळतो व त्यांच्याबरोबर मंदावत जातो तो यंत्राचा. विजेचा आवाज एका संथ सुरांतील गुणगुणीसारखा असतो. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तनें करते. प्रत्येक आवर्तनांत मोटारींतील लोखंडी पत्र्यांची चुंबकशक्ति दोनदां चढते व दोनदां उतरते, म्हणून ही गुणगुण सेकंदाला १०० कंपनांची होते. काळी एकमध्यें गाणाऱ्या पुरुषाच्या मंद्र पंचमाच्या जवळपास हा सूर येतो. ऐकावयाची संवय असलेल्यानें तो एकदां ओळखून ठेवला म्हणजे पुन्हां चुकत नाहीं. थोडी गुणगुण प्रत्येक मोटारींत असावयाचीच. ती एकाएकीं वाढली असेल तर मोटार चौकटीला आवळणारे पेच सैल झाले आहेत किंवा त्यांखालचें रबर वाळून कडक झालें आहे असें समजावें. छताच्या पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर कोणी हौसेनें या लहान पंख्याला जोडला असेल तरीही गुणगुण वाढते; कारण तो विजेची लहर मध्येंच छाटून वेग कमी करतो आणि छाटलेली लहर मोटारीला मानवत नाहीं.

दुसरी परीक्षा याहूनही सोपी, परंतु ती करून पाहण्याचें फारसें कोणाला सुचत नाहीं. पंखा चालूं ठेवून न्हाणीघराचें दार दोन बोटें उघडावें. त्यासरशी पंख्याचा घुमा कमी झाला, तर पंखा बिचारा निर्दोष आहे. जितकी हवा बाहेर जावयाची तितकी कोठून तरी आंत आली पाहिजे. दार जर चौकटींत इतकें घट्ट बसत असेल कीं हवेला शिरकावच नाहीं, तर पातीं त्याच त्या हवेंत घुसळत राहतात, हवा पात्यांवरून नीट वाहण्याऐवजीं भोंवऱ्यासारखी उलटसुलट फिरते, आणि पंखा कष्टानें ओरडूं लागतो. अशा वेळीं वर्तमानपत्राचा एक कपटा जाळीजवळ धरून पाहावा. दार बंद असतांना तो लोंबत राहिला आणि दार उघडतांच जाळीला चिकटला, तर सुताराला बोलावून दाराखालीं बोटभर फट ठेववावी, अथवा दाराच्या खालच्या भागांत जाळी बसवावी. या दुरुस्तींत पंख्याला हातही लागत नाहीं. हवा किती लागते तेंही पाहूं. पांच फूट रुंद, सात फूट लांब व नऊ फूट उंच न्हाणीघरांत ३१५ घनफूट, म्हणजे सुमारें नऊ घनमीटर हवा मावते. ती तासाला दहा वेळां पालटावयाची म्हटलें तरी ९० घनमीटरांवर काम भागतें, आणि तेवढ्याला सहा इंची पंखाही पुरतो. मोठा पंखा अधिक चांगला, अशी समजूत करून घेऊन एवढ्याशा खोलींत बारा इंची पंखा बसविणारीं घरें मीं पाहिलीं आहेत. तेथें स्नान करणें म्हणजे गिरणींत स्नान करणें होय.

तिसरी परीक्षा पंखा ज्यांत बसविला आहे त्या वस्तूची. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणीं झरोक्याच्या कांचेच्या पट्ट्या काढून त्या जागीं प्लायवुडची किंवा अ‍ॅक्रिलिकची पातळ फळी ठोकतात आणि तिला भोंक पाडून पंखा अडकवितात. सतारीला भोपळा असतो तो तारेचा क्षीण नाद मोठा करण्यासाठीं; ही पातळ फळी पंख्यासाठीं तेंच काम करते. पात्यांपासून दूर, फळीच्या कडेला तळहातानें दाबून धरावें. आवाज निम्मा झाला तर दोष भोपळ्याचा, तारेचा नव्हे. फळीच्या चारी कडा जुन्या सायकलच्या ट्यूबच्या पट्टीवर बसवून पुन्हां आवळाव्या, आणि पंख्याची चौकट व फळी यांच्यामध्येंही त्याच ट्यूबची कडी कापून घालावी. नवीन इमारतींत जेथें पंखा खोट्या छताच्या वर असतो व तेथून चुणीदार नळीनें हवा बाहेर नेतात, तेथें ती नळी कोठें दुमडली आहे, कोठें छताच्या पत्र्याला टेकून थरथरते आहे, हें पाहावें. हा दोष फार आढळतो.

येथपर्यंत आपण पंखा उघडलेला नाहीं. आतां उघडावयाचा आहे, म्हणून विजेसंबंधीं थोडें सांगणें अवश्य आहे. भिंतीवरचें बटण बंद करणें पुरेसें नाहीं. कित्येक घरांत तारा जोडतांना बटण फेजऐवजीं न्यूट्रलच्या तारेवर बसविलेलें असतें. मग बटण बंद असूनही पंख्याच्या तारांत २३० व्होल्टांचा दाब राहतो. म्हणून मीटरजवळची त्या भागाची एम.सी.बी. खालीं करावी, घरांतील मंडळींना तसें बजावून ठेवावें, आणि तरीही टेस्टरनें तारा पाहून घ्याव्या. सकाळचीं स्नानें आटोपल्यावर तास-दोन तासांनीं, फरशी कोरडी पुसून, मग कामाला लागावें. उभें राहण्यासाठीं रुंद पायांची घडवंची घ्यावी. पालथ्या बादलीवर चढण्याची जी आपल्याकडे चाल आहे, तिनें विजेपेक्षां अधिक लोक जायबंदी होत असतील असें मला वाटतें. पंखा पत्र्याचा असेल तर त्याची अर्थिंगची तार जागेवर आहे कीं नाहीं तेंही याच वेळीं पाहावें. आणि ज्या घरांत ३० मिलिअँपिअरवर वीज तोडणारा आर.सी.सी.बी. अजून बसविलेला नाहीं, त्यांनीं तो बसवून घ्यावा.

फडफड आणि टकटक यांचा निकाल पटकन लागतो. फडफड ही बहुधा पंख्याच्या मागील झडपांची असते. हवेच्या जोरानें त्या उघडाव्या व पंखा थांबतांच आपल्या वजनानें मिटाव्या, अशी योजना असते. साबणाचा व धुळीचा लेप बसून एखादी झडप अर्धवट अडकली कीं ती वाऱ्यावर आपटत राहते; पश्चिमेकडे तोंड असलेल्या घरांत तर पावसाळ्यांतल्या वाऱ्यानें पंखा बंद असतांनाही ती आपटते. झडपांच्या खिळ्या धुवून मोकळ्या कराव्या व जेथें त्या टेकतात त्या कडेवर बारीक नमद्याची पट्टी चिकटवावी. टकटक ही पंख्याच्या वेगाबरोबर जलद होणारी, ठराविक तालाची असते. पातें कशाला तरी लागतें आहे एवढाच तिचा अर्थ. वीज तोडून पातें हातानें सावकाश फिरवावें म्हणजे अडसर दिसतो. कधीं तारेचें सुटलेलें टोंक, कधीं वांकलेली जाळी, आणि शहरांत बहुतेक वेळां कबुतराच्या घरट्यांतील काटकी. कबुतरांसाठीं बाहेरून अर्ध्या इंची छिद्रांची जाळी लावावी. मच्छरदाणीसारखी बारीक जाळी लावूं नये. टॉवेलांच्या तंतूंनीं ती थोड्याच दिवसांत लिंपून जाते आणि पंख्याचा श्वास कोंडतो.

थरथर मात्र थोडी समजून घेण्यासारखी आहे. नऊ इंची पंखा मिनिटाला साधारण १,३५० फेरे घेतो असें धरूं. त्याच्या एका पात्यावर, मध्यापासून १० सेंटिमीटरांच्या अंतरावर, इतर पात्यांपेक्षां फक्त दोन ग्रॅम मळ अधिक बसला, तर फिरतांना तो मळ आंसाला जवळजवळ ४०० ग्रॅम वजनाइतक्या जोरानें बाहेर ओढतो. आणि ही ओढ सेकंदाला बावीस वेळां आंसाभोंवतीं गरगर फिरते. दोन ग्रॅम म्हणजे चिमूटभर ओलसर धूळ. भिंत कां थरथरते आणि चांगला बसविलेला पंखा वर्ष-दोन वर्षांत कां ओरडूं लागतो, याचें उत्तर पुष्कळदां एवढेंच असतें. शिवाय या ओढीनें आंसाचे आधार एकाच अंगानें झिजत जातात. म्हणजे आजची थरथर ही उद्यांच्या घरघरीची आई होय.

यावर उपाय स्वच्छतेचा. जाळी काढून पातीं उतरावीं. उतरण्यापूर्वीं आंसावर व पात्यांच्या तुंब्यावर पेन्सिलीनें जुळती खूण करावी, म्हणजे तीं पूर्वींच्याच जागीं बसवितां येतात. कांहीं पंख्यांत पातीं आवळणाऱ्या नटाला उलटा आटा असतो. नट नेहमींच्या दिशेनें सुटत नसेल तर जोर करण्यापूर्वीं दुसरीकडे फिरवून पाहावा. प्लॅस्टिकचीं पातीं कोंबट पाण्यांत भांडीं घासण्याच्या साबणानें धुवावीं. त्यांना रॉकेल, पेट्रोल किंवा थिनर लावूं नये. अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांना धुण्याचा सोडा चालत नाहीं, तो धातू खातो. मोटारीवरची धूळ कोरड्या कुंचल्यानें झाडावी. तिला पाणी लागतां कामा नये. धुतलेलीं पातीं सावलींत वाळवून मगच चढवावीं, आणि चढवितांना एखादें पातें वांकलें किंवा तडकलें आहे काय तें नीट पाहावें. तडकलेलें पातें चिकटवून वापरणें धोक्याचें आहे.

इतकें करूनही करकर राहिली तर प्रश्न आंसाच्या आधारांचा आहे. स्वस्त व मध्यम किंमतीच्या पुष्कळशा पंख्यांत आंस बुशांत फिरतो. हा बुश दिसावयास साधी पितळी कडी वाटतो, परंतु त्याची घडण मोठी मौजेची आहे. तो कांशाची भुकटी सांच्यांत दाबून व भट्टींत तापवून बनवितात. त्यामुळें त्याच्या अंगांत स्पंजासारखीं असंख्य सूक्ष्म छिद्रें राहतात, आणि त्याच्या आकारमानाच्या पांचव्या हिश्शापासून पाव हिश्शापर्यंत जागा तेलानें भरलेली असते. आंस फिरूं लागला व बुश कोंबट झाला कीं तें तेल पाझरून आंसाभोंवतीं पातळ थर धरतें. पंखा थांबून निवला कीं वातींत तेल चढावें तसें तें पुन्हां छिद्रांत शोषलें जातें. अशा रीतीनें तेंच तेल वर्षानुवर्षें कामास येतें. परंतु न्हाणीघराच्या हवेंतील तंतु व धूळ आंसाभोंवतीं गुंडाळली गेली म्हणजे त्यांची वात उलट दिशेनें काम करते व बुशांतलें तेल शोषून घेते. बुश कोरडा पडतो. मग पहाटे पंखा सुरू होतांच करकरतो, आणि दहा मिनिटांनीं बुश तापून उरलेंसुरलें तेल बाहेर आलें कीं मुकाट्यानें चालूं लागतो. सुरवातीची करकर व मागाहूनची शांतता ही कोरड्या बुशाची जवळजवळ पक्की खूण आहे. आजोबांच्या झोपेसाठीं बंद ठेवलेल्या त्या पंख्याचा रोग हाच होता. आंसावर करंगळीएवढी जाड तंतूंची कडी साचलेली होती. ती काढून, आंस पुसून, दोन्ही टोंकांना दोन-दोन थेंब तेल देण्यास अर्धा तास लागला.

हें काम करतांना एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. आंस बाहेर काढतांना त्याच्या दोन्ही टोंकांना कागदासारखे पातळ वायसर निघतात, कांहीं पोलादी, कांहीं फायबरचे. ते निघतील त्याच क्रमानें एका पांढऱ्या कागदावर मांडून ठेवावे. त्यांतला एक जरी हरवला किंवा उलटा बसला तरी आंस पुढेंमागें सरकूं लागतो व पूर्वीं नसलेली खटखट सुरू होते. आंस रॉकेलाच्या बोळ्यानें पुसावा. तो आरशासारखा गुळगुळीत असेल तर उत्तम; त्यावर नखाला लागेल असा चर पडला असेल किंवा बोटानें हलविल्यावर तो बुशांत डुगडुगत असेल, तर तेलानें कांहीं साधणार नाहीं. बुशाभोंवतीं नमद्याची कडी असते, तेलाचे थेंब तिच्यावर सोडावे. दोनाऐवजीं दहा थेंब सोडल्यास जास्तीचें तेल पात्यांवर उडून त्यावर धूळ बसते, आणि आपण पुन्हां थरथरीपाशीं येऊन पोहोंचतों.

तेल कोणतें घालावें याविषयीं आपल्या घरांत फार घोटाळा आहे. शिवणयंत्राचें पातळ तेल चालतें, आणि तें बहुतेक घरीं असतेंही. खोबरेल मात्र कधींही घालूं नये. खोबरेल २४-२५ अंशांच्या खालीं थिजतें. पुण्याच्या थंडींत तें बाटलींत गोठलेलें आपण पाहतों, तेंच बुशांतही गोठेल. गोडें तेल तर कांहीं दिवसांनीं डिंकासारखें चिकट होतें. अलीकडे फवाऱ्याच्या डब्यांतील डब्ल्यू. डी.-४० हें द्रव्य सर्व रोगांवरील एकच मात्रा म्हणून वापरलें जातें. तें १९५३ सालीं अमेरिकेंत तयार झालें, आणि त्याच्या नांवाचा अर्थ ‘पाणी हटविणारें, चाळिसाव्या प्रयत्नांत साधलेलें’ असा आहे. गंजलेला पेच सोडविण्यास तें उत्तम. परंतु बुशावर मारलें असतां तें आंतलें जुनें तेल विरघळवून घालवितें. चार दिवस पंखा शांत राहतो आणि पांचव्या दिवशीं दुप्पट करकरतो.

घरघर ही निराळी वस्तु आहे. ती सुरवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी राहते, आणि वीज तोडून आंस बोटांनीं फिरविला तर आंत वाळूचे कण असल्यासारखा स्पर्श जाणवतो. हा दोष बॉल-बेअरिंगच्या पंख्यांत येतो. स्नान झाल्याबरोबर पंखा बंद केला तर दमट हवा निवालेल्या मोटारींत शिरते, पोलादी गोळ्यांवर गंजाचे ठिपके पडतात, आणि एकदां पडलेले ठिपके तेलानें जात नाहींत. बेअरिंग बदलावेंच लागतें. त्याच्या कडेवर क्रमांक कोरलेला असतो, तोच दुकानदाराला सांगावा. ६०८ म्हणजे आंतील भोंक ८ मिलिमीटर, बाहेरचा व्यास २२ व रुंदी ७. ६२०१ म्हणजे अनुक्रमें १२, ३२ व १०. न्हाणीघरासाठीं दोन्ही बाजूंस रबरी झांकण असलेलें बेअरिंग मागावें. पत्र्याच्या झांकणाचें थोडें स्वस्त मिळतें, परंतु तें दमट हवा अडवूं शकत नाहीं. जुनें बेअरिंग ओढून काढण्याचें व नवें दाबून बसविण्याचें काम मात्र मोटार वाइंडिंग करणाऱ्या कारागिराकडे द्यावें. घरीं हातोडीनें ठोकून बसविलें तर तो आघात गोळ्यांतून जातो, आणि नवें बेअरिंग पहिल्या दिवसापासूनच घरघरतें.

शेवटचा प्रकार म्हणजे पंखा गुणगुणतो पण फिरत नाहीं, किंवा काठीनें ढकलल्यावरच फिरतो. काठीनें ढकलण्याची ही संवय ज्या घरांत असेल तेथें ती आजच बंद करावी. अडकलेल्या मोटारींतून वीज वाहत राहते, गुंडाळी तापत जाते, आणि तिच्यावर धुळीचा व तंतूंचा थर असला तर तो पेट घेऊं शकतो. मोठ्या पंख्यांत याचें कारण पुष्कळदां कपॅसिटर दुबळा झाल्याचें असतें. तो त्याच मायक्रोफॅरडचा आणून बदलावा लागतो. वीज तोडल्यावरही त्यांत भार साठून राहतो, म्हणून हें काम वायरमनचें. लहान सहा इंची पंख्यांत बहुधा कपॅसिटर नसतो. त्यांच्या चुंबकाच्या प्रत्येक टोंकाच्या एका भागावर तांब्याची कडी घालून फिरण्याची दिशा साधलेली असते. या मोटारीचा सुरवातीचा जोर मुळांतच कमी असल्यामुळें थोड्याशा मळानेंही ती अडते, आणि साफ केल्यावर बहुधा पूर्ववत् चालूं लागते.

दुरुस्ती कोठें थांबवावी हेंही सांगितलें पाहिजे. आंस चरला असेल, गुंडाळीला जळका वास येत असेल, किंवा पात्यांचा तुंबा तडकला असेल, तर नवा पंखा घ्यावा. घेतांना बॉल-बेअरिंगचा व बेताच्या वेगाचा पाहावा. कारण पंख्याचा आवाज त्याच्या वेगाच्या साधारण पांचव्या घातानें वाढतो, म्हणून थोडक्या वेगाच्या बचतींत पुष्कळ शांतता मिळते. छतांत आडवा बसवावयाचा असेल तर त्याचा आंस उभा राहतो, आणि तेथें बुशाचा पंखा घेऊंच नये. त्यांतील तेल खालीं उतरून वरचा बुश लवकर कोरडा पडतो.

पंखा पुन्हां बसवितांना पेच एकाच बाजूनें आवळत जाऊं नये; समोरासमोरचे दोन-दोन थोडथोडे आवळावे, नाहीं तर चौकट मुरडते व पातें कडेला घासूं लागतें. बसवून झाल्यावर वीज येण्याच्या आधीं पातें हातानें दोन फेरे फिरवून पाहावें. स्नानानंतर पंखा पंधरा-वीस मिनिटें चालूं ठेवावा, म्हणजे भिंतीही वाळतात व मोटारही. झडपा सर्वांच्या शेवटीं लावाव्या. त्या आधीं लावल्या तर मागच्या दोन पेचांपर्यंत पेचकस पोहोंचत नाहीं.